सहा मिनिटांच्या आत

गावंडे मास्तर शर्यतीत शेवटचे आले, त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याआधी चार वर्षं आम्ही अकोल्याच्या एकाच शाळेत होतो. ते गणित शिकवत, मी ड्रिल आणि खेळ. शिक्षकांच्या खोलीत ते खिडकीशी बसत आणि मी दाराशी, एवढाच आमचा संबंध. वऱ्हाड तेव्हा अजून मध्य प्रदेशात होतं.

संक्रांतीनंतर शाळेचं संमेलन असे. मुलांच्या शर्यती संपल्या की शेवटी शिक्षकांची शंभर यार्डांची शर्यत व्हायची, ती निव्वळ मुलांच्या करमणुकीसाठी. कुणाची टोपी उडे, कुणाचं धोतर पायात येई आणि मुलं हसून लोळत. मास्तर तेव्हा शेचाळीस वर्षांचे होते. बुटके, रुंद, पिंडऱ्या मात्र शेतकऱ्याच्या. त्यांनी कोट काढला, खुर्चीवर घडी घालून ठेवला, घडी वाकडी झाली म्हणून पुन्हा घातली, धोतराचा काचा मारला आणि रेषेवर जाऊन उभे राहिले. बाकीचे सगळे पोचून हसत उभे होते तेव्हा ते अजून वाटेत होते. मी दोरीपाशी शाळेचं स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. ते धापा टाकत सरळ माझ्याकडे आले.

"किती झाले जी?"

"काय किती?"

"सेकंद. माहे."

"मास्तर, पहिल्याची वेळ घेतात. शेवटच्याची कोण घेतो?"

"मंग मले कसं समजन?" ते म्हणाले. "पुढच्या साली सुधारलो का नाई, हे कशावरून पाहू?"

मी हसलो. ते हसले नाहीत. सोमवारी सकाळी साडेसहाला मैदानावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जोशीजी, तुमी अमरावतीचे नामी पयनारे होते म्हनतात. मले एक मैल पयाचा हाय. घड्याळ धरता काय?" त्यांच्या बोलीत पळणं हे 'पयणं' होतं.

त्या दिवशी त्यांनी आमच्या मैदानाला आठ फेऱ्या घातल्या. त्यातल्या दोन चालत. नऊ मिनिटं वीस सेकंद. त्यांनी खिशातून पेन्सिल आणि एक छोटी वही काढून तिच्या पहिल्या पानावर तो आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी तेव्हा तेहेतीस वर्षांचा होतो. आमचं घर अमरावतीचं, वडील वकील. कॉलेजात असताना मैलाच्या शर्यतीत मी लागोपाठ दोन वर्षं पहिला आलो होतो. ती पदकं काचेच्या चौकटीत घालून अकोल्याच्या बिऱ्हाडी भिंतीवर लावली होती, आणि घरी कुणी आलं की माझी खुर्ची अशी असे की पाहुण्याचं तोंड त्या भिंतीकडेच व्हावं. कॉलेज सुटल्यावर मात्र मी धावलो नव्हतो. तोंडात शिटी धरून दुसऱ्यांना धावायला लावत होतो.

म्हणून सुरुवातीला मला मास्तरांची गंमतच वाटली. मी त्यांना माझ्या कॉलेजातला शिरस्ता सांगितला: रोज धावायचं, रोज जीव खाऊन धावायचं. त्यांनी दोन महिने तो अक्षरशः पाळला. नडग्या सुजल्या आणि वेळ होती तिथेच राहिली. मग एका रविवारी ते मूर्तिजापूरजवळच्या आपल्या गावी गेले. तिथे त्यांच्या वडिलांनी एकेकाळी शंकरपटाचे बैल बाळगले होते. ती बैलांची शर्यत आमच्याकडे फार जिवाभावाची. बैल आता राहिले नव्हते, पण ते हाकणारा म्हातारा गडी होता. मास्तर त्याच्यापाशी दिवसभर बसून आले.

"जोशीजी, आपून चुकून राह्यलो," सोमवारी ते मला म्हणाले. "पटाचा बैल रोज पयवत नाईत. एक दिवस जोरात, दोन दिवस नुसता हिंडवाचा. अन् पटाच्या आधी आठ दिवस तर त्याले जुंपतच नाईत. खाऊ घालतात, अंगावरून हात फिरवतात."

"तुम्ही बैल आहात का?"

"पाय तर पायच असते ना जी."

त्या आठवड्यापासून त्यांनी स्वतःला बैलासारखं वागवायला सुरुवात केली. मूर्तिजापूरच्या रस्त्याला तारेचे खांब होते. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात, पुढच्या खांबापर्यंत हळू, असं ते बुधवारी आणि शनिवारी करत. बाकीचे दिवस मोर्णा नदीच्या काठाने नुसते फिरत. जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांवरचे गाडीवान ओरडत, "मास्तर, कोन मांगं लागलं?" मास्तर न थांबता ओरडत, "कालचा गावंडे!"

हे त्यांचं आवडतं बोलणं होतं. वेळ सुधारली की शिक्षकांच्या खोलीत येऊन माझ्या कानाशी म्हणत, "कालच्या गावंडेले मांगं टाकलं." मला ते ऐकवत नसे. माझा कालचा जोशी माझ्या फार पुढे होता, आणि दरवर्षी आणखी पुढे जात होता.

पावसाळ्याच्या सुरुवातीला सात मिनिटं दहा सेकंद. काळी माती पायाला शेरशेर चिकटायची म्हणून ते पुलावरच्या रस्त्यावर धावत. दसऱ्याला सहा चाळीस. दिवाळीनंतर सहा वीस. ते वर्गात फळ्यावर गणित घालत: "एक माणूस आठ फेऱ्या इतक्या सेकंदात धावतो, तर एका फेरीला किती?" नाव सांगत नसत, पण सगळा वर्ग ओळखत असे, आणि उत्तर मागच्या आठवड्यापेक्षा कमी आलं की पोरं बाकं बडवत. तो आवाज मला मैदानावर ऐकू येई. माझ्या पदकांसाठी त्या शाळेत कधी कुणी बाक बडवलं नव्हतं.

आणि घरी कौसल्यावहिनी होत्या. मास्तरांच्या दोन्ही मुली सासरी गेलेल्या. जुन्या शहरात दोन खोल्यांच्या घरात ही दोघंच राहत. वहिनींना छातीचं दुखणं होतं. पाण्याची घागर उचलली तरी त्यांना ओट्यावर बसावं लागे. दर शनिवारी मैल झाला की मास्तर मला चहाला घरी नेत, आणि आम्ही गल्लीच्या तोंडाशी दिसलो की वहिनी दारातून विचारत, "झालं काय जी?"

झालं म्हणजे सहा मिनिटांच्या आत आलात का. मास्तरांनी तसा निश्चयच केला होता. अमरावतीला माघात एक मोठा व्यायाम मेळावा भरे. त्यात चाळिशीच्या वरच्यांसाठी मैलाची शर्यत असे. सहाच्या आत आल्याशिवाय तिथे नाव द्यायचं नाही, आणि नाव दिलं की वहिनींना बरोबर न्यायचं, असं ठरलं होतं.

"मले काही शर्यतीतलं समजत नाई भाऊजी," वहिनी मला शेंगदाण्याचा लाडू देत म्हणत. "पन एकडाव याइले पयताना पाह्यचं हाय. इथं पाहू देत नाईत. लाजतात."

"तू पाह्यलं का मले हसू येते," मास्तर म्हणत. "हसत हसत पयता येत नाई."

आमच्या घरीही चहा होत असे. पण माझ्या बायकोने मला कधी दारातून काही विचारलं नव्हतं. विचारायला माझ्याकडे काही चाललेलंच नव्हतं. एका बुटक्या, टक्कल पडू लागलेल्या गणिताच्या मास्तरचा मला हेवा वाटतो आहे, हे मी स्वतःपाशीही कबूल करत नव्हतो.

मार्गशीर्षात त्यांची वेळ सहा मिनिटं सहा सेकंदांवर आली. पुढच्या रविवारी सकाळी, शाळा बंद असताना, मी एकटाच मैदानावर गेलो. स्टॉपवॉच मुठीत धरलं आणि मैलभर धावलो. पाचव्या फेरीला पोटात कळ आली. आठवी कशी झाली ते आठवत नाही. लिंबाच्या झाडाखाली ओकलो, मग मूठ उघडून पाहिलं. सहा मिनिटं नऊ सेकंद. मी घरी जाऊन आंघोळ केली आणि कुणाला काही बोललो नाही.

त्यानंतरच्या शनिवारी कडाक्याची थंडी होती. मास्तर धोतर सोडून खाकी अर्ध्या विजारीत धावायला लागले होते. अंग गरम करून रेषेवर आले. "होईन आज," म्हणाले. मी शिटी वाजवली.

इतकं सुंदर धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खांदे सैल, पाय जमिनीला नुसते लागून सुटत होते. शेवटच्या फेरीला तर ते कुणीतरी ढकलल्यासारखे आले. मी बटण दाबलं. पाच मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

मास्तर गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"किती जी?"

"सहा तीन," मी म्हणालो, आणि बटण पुन्हा दाबून काटा शून्यावर आणला.

आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण दुरुस्त करायला वेळ भरपूर होता. ते पाणी प्याले, वहीत आकडा लिहिला, कोट घातला. तेवढ्या वेळात मी दहा वेळा खरं सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. उलट म्हणालो, "जवळ आलात मास्तर. पुढच्या वर्षी नक्की." नावं द्यायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

"तुमी म्हनता तर खरंच," ते म्हणाले.

त्या दिवशी चहाला मी गेलो नाही. घरी काम आहे म्हणालो.

पंधरा दिवसांनी वहिनींनी अंथरूण धरलं. मास्तरांनी धावणं सोडलं. सकाळचा स्वयंपाक करून, त्यांना भरवून ते शाळेत येत आणि मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन येत. ते धावणं कुणी मोजत नव्हतं. माघात अमरावतीचा मेळावा झाला. आम्हा दोघांपैकी कुणीच गेलं नाही. चैत्र संपता संपता वहिनी गेल्या.

मोर्णेच्या काठावर चिता पेटल्यावर मी लोकांच्या मागे उभा होतो. मास्तरांना शोधत त्यांचे व्याही आले, तेव्हा ते बाजूला एका दगडावर बसून आपल्याच पायांकडे पाहत होते.

ते पुन्हा धावतील असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं असतं. पण मृगाच्या सरी पडून गेल्यावर एका बुधवारी ते मैदानावर उभे होते. केस नुकते पुन्हा वाढायला लागले होते. "घरी बसून काय करू?" एवढंच म्हणाले. मी त्या वर्षी त्यांच्यासाठी होईल ते सगळं केलं. रोज वेळेवर गेलो, त्यांच्यासाठी अमरावतीहून कॅनव्हासचे हलके बूट आणले, फेऱ्यांच्या वेळा वेगवेगळ्या घेऊन दिल्या. शाळेत लोक म्हणू लागले, जोशी मास्तर काय मायेनं करतात.

कार्तिकात त्यांचा मैल पाच मिनिटं बावन्न सेकंदांत झाला. मी आकडा मोठ्याने सांगितला. ते मैदानातच खाली बसले. आनंदाने उडी मारतील असं मला वाटलं होतं. बराच वेळ गवताची काडी मोडत राहिले.

"झालं," ते म्हणाले. "आता कोनाले सांगू?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्यांचा कोट आणून दिला.

माघात आम्ही दोघं अमरावतीला गेलो. आदल्या दिवशी त्यांनी अंबादेवीचं दर्शन घेतलं, वहिनींच्या नावाने खण-नारळ दिला. मेळाव्याचं मैदान माझ्या ओळखीचं होतं. माझ्या तरुणपणचे दोन पंच अजून तिथेच होते. त्यांनी मला ओळखलं आणि एकजण विचारू लागला, "काय जोशी, आता धावता की नाही?" मी हसून टाळलं. मास्तर रेषेवर नवखे, अर्ध्या विजारीत, चौदा जणांत सगळ्यांत बुटके. पहिल्या फेरीत ते नवव्या नंबरला होते. कुणी पुढे गेलं की ते त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हते. तिसऱ्या फेरीला लोक दमू लागले आणि हे एकेकाला मागे टाकू लागले. शेवटच्या वळणावर त्यांच्यापुढे एकच माणूस होता, पोलिसातला, त्यांच्यापेक्षा हातभर उंच. तो राहिला पुढे. मास्तर दुसरे. पाच मिनिटं एक्केचाळीस.

लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. माझ्या शेजारचा पंच म्हणाला, "हा माणूस विशीत सापडायला हवा होता!" मी मान हलवली, आणि माझ्या मनात आलं, बरं झालं नाही सापडला. इतकं सगळं झाल्यावर, वहिनी गेल्यावर, वर्षभर मास्तरांची सेवा केल्यावरही ते माझ्या मनात आलं. तेव्हा मला माझीच शिसारी आली. मी सांगायचं ठरवलं ते त्या शिसारीपायी. मोठ्या मनाने नव्हे.

अमरावतीहून अकोल्याला यायला बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते. तिथे तासभर वेळ होता. मास्तर बाकावर बसून पितळी पदक रुमालात गुंडाळत होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं. कोणता शनिवार, किती वेळ, मी काय सांगितलं.

त्यांना आधी समजलंच नाही. "कोनता? ते सहा तीनचं?"

"हो."

"खरे किती होते?"

"पाच अठ्ठावन्न."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क आनंद दिसला. आकडा ऐकल्याचा. मग तो विझला.

"काहून?" त्यांनी विचारलं.

"मला सहा नऊ लागले होते. आदल्या रविवारी. मी एकटाच धावलो होतो."

त्यांनी पदक बाकावर ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी मी एकटाच घरी गेलो," ते म्हणाले. "तिनं दारातून इचारलं, झालं काय जी? मी म्हनलं, तीन सेकंद राह्यले. ती म्हने, तीन सेकंद म्हंजे किती? मी टाळ्या वाजवून दाखोल्या. एक, दोन, तीन. ती म्हने, एवढेच? मंग होऊन जाईन." ते थांबले. "अन् माह्यासाठी शिरा करत बसली. दम लागत होता तरी."

मी काहीतरी बोलू लागलो. त्यांनी हात वर केला.

"तुमी माही शर्यत घेतली असती तर चाललं असतं जोशीजी. ते काई नाई. तिचा तो दिवस होता."

ते उठले आणि फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले. गाडी आली तेव्हा ते पुढच्या डब्यात चढले. पदक बाकावरच राहिलं होतं. मी ते उचललं आणि अकोल्याला त्यांच्या मागे धावत जाऊन हातात दिलं. त्यांनी घेतलं.

शाळेत त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. मी वाट पाहत होतो, कारण मग निदान शिक्षा झाली असती. भेटलो की नमस्कार करत. शनिवारी सकाळी मैदानावर येत, माझ्याकडून स्टॉपवॉच मागून घेत, ते स्वतःच्या मुठीत धरून धावत आणि पुसून परत देत. आकडा मला सांगत नसत. मी विचारलाही नाही. पण शिक्षकांच्या खोलीत शेजारच्या वर्गातून बाकं बडवल्याचा आवाज आला की मला कळे, आज कमी झाले.

दोन वर्षांनी मला अमरावतीच्या एका शाळेत जागा मिळाली. मी गेलो. वऱ्हाड महाराष्ट्रात आलं, मास्तर निवृत्त होऊन गावी शेतावर राहायला गेले, हे सगळं कानावर येत राहिलं. पत्र मी दोनदा लिहायला घेतलं. पुरं झालं नाही.

शेवटचे दिसले ते एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटाला. एका लग्नासाठी मी सकाळच्या बसने अमरावतीहून अकोल्याला चाललो होतो. मूर्तिजापूर ओलांडल्यावर इंजिन तापलं म्हणून बस थांबली. ड्रायव्हर डबा घेऊन विहिरीकडे गेला. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. मी खाली उतरून पाय मोकळे करत होतो, आणि रस्त्याने एक म्हातारा माणूस धावत येताना दिसला.

साठीच्या घरातले मास्तर. केस सगळे पांढरे, अंग वाळलेलं, पण खांदे तसेच सैल. मी नकळत रस्त्याच्या मधे गेलो. "मास्तर!"

त्यांनी ओळखलं. नजर माझ्या चेहऱ्यावर, मग पोटावर, मग पायांवर गेली. वेग थोडासा कमी झाला.

"बरे आहात जोशीजी?"

"बरा आहे. तुम्ही थांबा ना दोन मिनिटं."

"थांबता येत नाई," ते म्हणाले. "अंग थंडं पडन." आणि मला वळसा घालून पुढे गेले.

खरंच थंड पडलं असतं की थांबायचंच नव्हतं, ते मला त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. मी चार पावलं त्यांच्या मागे गेलो. पाचव्याला गुडघा दुखला.

बस निघाली तेव्हा ते रस्ता सोडून शेतातल्या पांदणीने वळले होते. कपाशीच्या वर नुसतं पांढरं डोकं दिसत होतं, एका लयीत खालीवर होत दूर जाणारं. मी मान वळवून दिसेनासं होईपर्यंत पाहत होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "ओळखीचे का हो?"

"हो," मी म्हणालो. "आमच्या शाळेत होते. माझ्यापेक्षा जोरात धावायचे."